बेबीची टेस्ट आणि मास्तरांचं तोंड

मास्तर गाडी शिकवायला निघाले की आधी त्यांचा आवाज यायचा आणि मागून त्यांची गाडी. "क्लच! अहो, क्लच म्हणजे डावा पाय! डावा कोणता ते घरून ठरवून यायचं असतं!" एवढं कानावर पडलं की कोपऱ्यावरचा चांभार न बघताच आपलं स्टूल फुटपाथवर मागे सरकवायचा. शिकाऊ माणूस कोण आहे, कितवा धडा चाललाय आणि आज तो रडणार की नाही, हे सगळं रस्त्याला आधीच कळायचं.

पाठीमागे लोक त्यांना 'भोंगा' म्हणत. मास्तरांना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. रस्ता कुणाची गय करत नाही. मी ओरडलो तर फार तर डोळ्यांत पाणी येईल, नाही ओरडलो तर हॉस्पिटलात जावं लागेल. शेजारच्या सीटखाली त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता, पण त्या ब्रेकपेक्षा त्यांचा आपल्या तोंडावर जास्त भरवसा.

आता असा माणूस दर रविवारी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसून गोड आवाजात गाणी म्हणायचा, हे बघून नव्या लोकांना गंमत वाटायची. जुन्यांना सवय झाली होती. पण एका रविवारी पाळकसाहेबांनी विषय काढला तो नेमका जिभेचा. आणि यातली खरी मजा अशी की पाळकसाहेब स्वतः मास्तरांकडे गाडी शिकत होते.

पाळकसाहेब म्हणाले, "देवानं जग हातांनी घडवलं नाही, बोलून घडवलं. 'प्रकाश होवो' म्हणाला आणि प्रकाश झाला. त्यानं आपल्याला स्वतःसारखं केलं, म्हणजे आपल्या बोलण्यातही घडवायचं थोडं बळ ठेवलं असणार. मग ज्या तोंडानं आपण इथं देवाचं गुणगान करतो, त्याच तोंडानं बाहेर गेल्यावर त्याच्या लेकरांचं काय करतो?"

मास्तरांच्या बायकोनं त्यांच्या बरगडीत हलकेच कोपर मारलं. मास्तरांनी न कळल्यासारखं केलं.

प्रार्थना संपली, तसे मास्तर तडक पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. हात मिळवायला आलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या मधून त्यांनी पाळकसाहेबांना गाठलं. "साहेब, बोललात छान. पण एक सांगा, मी तोंड बंद ठेवलं तर तुम्ही परवा टपालपेटीला धडकला असता की नाही?"

पाळकसाहेब शांत माणूस. दोन वेळा नाकावरचा चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "मास्तर, खरं सांगू? तुम्ही 'टपालपेटी! टपालपेटी!' ओरडेपर्यंत मला ती पेटी दिसलीच नव्हती. तुम्ही ओरडलात, मी तिच्याकडे बघितलं, आणि मग गाडी सरळ तिच्याकडेच निघाली. असं का होतं, हो? मला गाडीतलं कळत नाही. तुम्हीच शोधून सांगा ना."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मास्तरांनी जागच्या जागी त्याचा पाणउतारा केला असता. पण 'शोधून सांगा' हे शब्द त्यांच्या वर्मावर बसले. कारण मास्तरांना खोडी दोन होत्या. एक तोंडाची, आणि दुसरी चौकसपणाची. एखादी गोष्ट अशी का होते हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. घरातला मिक्सर, इस्त्री, बायकोचं शिलाईयंत्र, सगळं एकदा तरी त्यांच्या हातून उघडलं गेलं होतं. त्यातलं बरंचसं परत जोडलंही गेलं होतं.

आणि या आठवड्यात त्यांच्या डोक्यावर एक काळजीही होती. शुक्रवारी बेबीची टेस्ट होती.

बेबी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. केस पांढरे व्हायला लागले तरी बेबीच. तिचा नवरा एका लाँड्रीची व्हॅन चालवायचा. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल पोचवायचे आणि आणायचे. मागच्या वर्षापासून त्याला बाजूचं दिसेनासं झालं. समोरचं नीट दिसायचं, कडेचं नाही. डॉक्टरांनी गाडी बंद केली. लाँड्रीची मालकीण चांगली बाई, ती म्हणाली, "तुझ्या बायकोनं लायसन काढलं तर व्हॅन तुमच्याच घरात राहील. पण मी किती थांबू? या आठवड्यात झालं तर झालं, नाही तर दुसरा माणूस ठेवणार." बेबी याआधी दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा रिव्हर्स घेताना. तिसऱ्यांदा झाली असती तर घरातली एकुलती एक कमाई कायमची गेली असती, आणि हे बेबीला जितकं ठाऊक होतं तितकंच मास्तरांना.

सोमवारी मास्तर गाडीत बसले ते कान उघडे ठेवून. म्हणजे बोलणं नेहमीचंच, फक्त यावेळी आपण काय बोलतो आणि त्यावर समोरचे हात काय करतात, इकडे त्यांचं लक्ष. पहिली शिकाऊ होती दातांची डॉक्टर. लोकांच्या उघड्या जबड्यात बेधडक सुया घालणारी बाई, पण स्टिअरिंग हातात आलं की तिच्या तळहातांना घाम सुटायचा.

"खड्डा!" मास्तर ओरडले. गाडी खड्ड्यात.

"अहो, सायकल! सायकलवाला!" गाडी हळूच सायकलवाल्याच्या बाजूला कलली. मास्तरांनी ब्रेक दाबला.

तिसऱ्या वेळी पुढे कचऱ्याचा मोठा डबा आला. मास्तरांच्या तोंडाशी 'डबा' आलाच होता. त्यांनी तो तसाच गिळला, आणि घाईघाईनं जे सुचलं ते म्हणाले, "ती हिरवी पाटी दिसते का समोर, औषधाच्या दुकानाची? तिच्याकडे बघत चला."

बाईंनी पाटीकडे बघितलं. गाडी डब्याच्या बाजूनं अशी अलगद निघून गेली की मास्तर मागे वळून डब्याकडे बघतच राहिले.

"काय झालं? चुकलं का माझं?" बाईंनी घाबरून विचारलं.

"गप्प बसा. म्हणजे, नाही. काही चुकलं नाही. गाडी बाजूला घ्या जरा."

बाजूला घेऊन मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. बाई हसायला लागल्या. "मास्तर, हे तर आम्ही रोज करतो. मी पेशंटला 'दुखणार नाही' असं कधी म्हणत नाही. त्यातलं 'दुखणार' तेवढं त्याला ऐकू येतं आणि जबडा आवळतो. मी म्हणते, श्वास घ्या."

"मग हे इतके दिवस मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही बोलू दिलंत कधी?"

मास्तर दिवसभर वेड लागल्यासारखे तेच करत राहिले. एकाला 'खांब' म्हणून बघितलं, एकाला 'खांब आणि भिंत यांच्या मधून' म्हणून बघितलं. प्रत्येक वेळी तेच. डोळे शब्दामागे जात होते आणि हात डोळ्यांमागे. बाप रे! म्हणजे स्टिअरिंग शिकाऊ माणसाच्या हातात नव्हतंच कधी. इतकी वर्षं आपण तोंडानं गाडी चालवत आलो, आणि वर ज्याच्या त्याच्या नावानं खडे फोडत आलो. संध्याकाळी त्यांनी जेवताना बायकोला हे तीनदा सांगितलं. बायको म्हणाली, "भाजी घ्या अजून. हे कळायला गाडीत बसावं लागतं होय?"

मंगळवारी बेबीचा धडा. मास्तरांनी मनाशी पक्कं ठरवलं की आज तोंडाला कुलूप. मैदानात पत्र्याची रिकामी पिंपं मांडली होती, त्यांच्यामधून उलटी गाडी आत घालायची. बेबी बसली. ओढणी खोचली, आरसा सारखा केला, आणि दादा आता काय म्हणतो याची वाट बघत राहिली. दादा काहीच म्हणेना.

गाडी सुरू झाली आणि बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. मास्तर मूग गिळून बसलेले. नाकपुड्या फुगलेल्या, मान ताठ, नजर काचेबाहेर. तिसऱ्यांदा गाडी आचका देऊन थांबली तेव्हा बेबीनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"दादा, तू ओरड बाबा एकदाचा. तुझं हे गप्प बसणं मला सहन होत नाही. ओरडतोस तेव्हा निदान कळतं तरी की तुझा राग आता किती उरलाय."

मास्तरांनी पिंपांकडे बोट केलं. "चालू दे तुझं," एवढंच ते म्हणाले, आणि तेही घशातल्या घशात.

बेबीनं पुन्हा रिव्हर्स टाकला. मान मागे वळवली. आणि तेव्हा मास्तरांना ते ऐकू आलं. आजवर कधी ऐकू आलं नव्हतं, कारण आजवर ते स्वतः बोलत असायचे. बेबीचे ओठ हलत होते. ती अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटत होती, "नाही जमायचं, बेबे, तुला नाही जमायचं. सात जन्म घेतलेस तरी नाही जमायचं."

पिंप वाजलं. गाडी थांबली.

"काय म्हणत होतीस?" मास्तरांनी विचारलं.

"कुठं काय? मी कुठं बोलले?"

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं. आणि मास्तर चपापले, कारण बेबीला 'बेबे' म्हणणारं जगात एकच माणूस होतं. शब्द त्यांचे होते, चालही त्यांचीच होती, 'सात जन्म'वर जरा दाबून म्हणायचं तेसुद्धा. आपण आज एक अक्षर बोललो नाही, तरी आपलं बोलणं चालूच आहे, आपल्या बहिणीच्या तोंडून. हे काही त्यांच्या सोमवारच्या शोधात बसत नव्हतं.

बुधवारी पाळकसाहेबांचा धडा. मास्तरांनी गाडी सुरूही करू दिली नाही. आधी सगळं सांगून टाकलं, पिंपासकट.

"साहेब, तुम्ही म्हणालात जिभेवर ताबा ठेवा. ठेवला. दातओठ खाऊन ठेवला. पण पोरगी आणखीच गडबडली. मग काय उपयोग त्या संयमाचा?"

पाळकसाहेबांनी खाली आपल्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, "आपण हे बोलतोय तेव्हापासून माझा पाय ब्रेकवर आहे. मी पक्का दाबून धरलाय. तुम्ही याला गाडीवर ताबा म्हणाल का?"

"याला गाडी उभी करणं म्हणतात."

"मग मलाही तसंच वाटतं. तुम्ही काल तोंड उभं केलंत. ते वाईट नाही, कित्येकदा तेवढंही होत नाही आपल्याकडून. पण चालवायचं राहिलं."

"म्हणजे गोड बोलू? शुक्रवारी टेस्ट आहे म्हणून उगाच 'वा वा' करू? माझ्याच्यानं खोटं बोलवत नाही. तिला गाडी येत नाही."

"खोटं बोला असं मी कसं म्हणेन? खरं आहे तेच बोला. पण मास्तर, तिला गाडी येते की नाही, हे तुम्ही कधी बघितलंय?"

"अहो, मी शेजारीच बसतो की तिच्या!"

"बसता. मीही तुमच्या शेजारी बसतो. तुम्ही माझी चूक बघायला बसता. ती होईपर्यंत तुम्हाला दम नसतो." पाळकसाहेब घाबरत घाबरत हसले. "रागावू नका. आणि एक. हा संयम दात आवळून येणारा नव्हे. तो पवित्र आत्म्याचं फळ आहे, देवाकडे मागितलं तर मिळतं. मागून बघा."

मास्तर रागावले. पण प्रश्न डोक्यात रुतून बसला. बघितलंय का आपण कधी?

गुरुवारी त्यांनी बेबीला मैदानात नेलं नाही. म्हणाले, "आज नुसतं गावातून फिरवून आण मला. मला बाजारात थोडं काम आहे." काम कसलं आणि काय! त्यांना बघायचं होतं. आणि निघताना त्यांनी मनातल्या मनात, जरा ओशाळतच, मागितलंही. देवा, तोंडाचं तू बघ, मी डोळ्यांचं बघतो.

आणि मग त्यांनी बघितलं. बेबी वळणाच्या आधी, कुणी न सांगता, आरशात बघत होती. एकदा नाही, दर वळणाला. गिअर बदलताना तिची नजर खाली जात नव्हती, ती इंजिनाचा आवाज ऐकून बदलत होती. शाळेसमोर तिनं वेग आपोआप कमी केला. एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध थांबून पिशवीत काहीतरी शोधत होती, तर बेबीनं हॉर्न वाजवला नाही; थांबली, वाट बघितली, म्हातारी गेल्यावर निघाली. इतक्या बेतानं निघाली की मागच्या सीटवर मास्तरांनी मुद्दाम उभी ठेवलेली पाण्याची बाटलीसुद्धा आडवी झाली नाही. मास्तर बघतच राहिले. एकीकडे त्यांना शिकवल्याचा आनंद होत होता आणि दुसरीकडे शरमेनं कान तापत होते. ही कधी शिकली हे सगळं? आपल्याच शेजारी बसून शिकली, आणि आपल्याला पत्ता नाही.

"बेबी," ते म्हणाले.

"काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. तुला गाडी येते."

बेबीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. नीट सिग्नल देऊन घेतली, हेही मास्तरांनी बघितलं. मग तिनं हँडब्रेक ओढला आणि ती भडकली.

"आता सांगतोस? उद्या टेस्ट आहे आणि आज सांगतोस? लहानपणी सायकल, मग शिवण, मग स्वयंपाक, मग हे. तुझ्या तोंडून एकदा 'येतं' ऐकायला मी पांढरी झाले, दादा! आणि तेही तू मनापासून म्हणतोयस की मी उद्या पास व्हावं म्हणून, देव जाणे. वहिनी सांगत होती तू सोमवारपासून लोकांवर कसले प्रयोग करतोयस ते."

तिला रडू आलं. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, तो ग्रीसनं माखलेला निघाला, तेव्हा परत खिशात घातला. सोमवारी तो प्रयोगच होता. आज नव्हता. पण हे सिद्ध कसं करणार?

"मैदानात घेऊ का?" शेवटी तेच म्हणाले.

मैदानात बेबीनं नाक पुसत पुसत रिव्हर्स घेतला आणि गाडी पिंपांच्या मधोमध नेऊन उभी केली. ओठ हलले नाहीत, की मास्तरांना दिसले नाहीत, कोण जाणे.

शुक्रवारी टेस्टच्या मैदानाला जाळीचं कुंपण. शिकवणाऱ्यांनी कुंपणाबाहेर राहायचं, आत एक चकार शब्द गेला तर शिकाऊ नापास. मास्तर जाळीला बोटं अडकवून उभे राहिले. परीक्षक साहेब जाता जाता थांबले. "काय मास्तर, तब्येत बरी नाही का? आज आवाज नाही तुमचा."

बेबीनं रिव्हर्स घेतला. पहिल्याच झटक्यात, सरळ, एका रेषेत. मास्तरांनी जाळी इतकी घट्ट धरली की बोटांवर वळ उठले. मग साहेब तिच्या शेजारी बसले आणि गाडी बाहेर रस्त्यावर गेली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. रस्ता तिचाच होता, रस्त्यावर ती कधी चुकली नव्हती.

गाडी परत आली. साहेब उतरले, कागदावर काहीतरी खरडलं, मान हलवली आणि ऑफिसात गेले. बेबी गाडीतून उतरेना. मास्तर फाटकातून आत गेले.

"परत येताना एक बाई लेकराला घेऊन उभी होती. तिला जाऊ दिलं," बेबी म्हणाली. "मग निघाले, आणि सिग्नल दिला नाही. वळताना. विसरले. ते म्हणाले, गाडी चांगली चालवता पण हे चालत नाही. पुढच्या वेळी या म्हणाले."

सिग्नल! रोज देते, काल रडतानाही दिला, आणि आज विसरली! मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हॅन गेली, नवऱ्याचे डोळे गेले, घर बसणार, आणि कशासाठी, तर सिग्नलच्या एका दांडीसाठी! सगळे शब्द एकाच वेळी घशाशी आले, ठेवणीतले, धारदार, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेले. सात जन्मवालं सगळ्यांत पुढे होतं. तोंड उघडलंही त्यांनी.

बेबी त्यांच्याकडे बघत होती. तिनं खांदे वर घेतले होते, मान आत ओढली होती. लहानपणी हातातून बशी पडली की असंच करायची. ती थांबली होती, येऊ देत काय यायचेत ते शब्द म्हणून.

उघडलेलं तोंड तसंच राहिलं. आपल्या एकट्याच्या बळावर हे अडणार नाही, हे मास्तरांना त्या क्षणी लख्ख कळलं. देवा, आता, ते मनात म्हणाले. आता धर. आग विझली नाही. पण ती आत होती आणि ते तिच्या बाहेर उभे होते, आणि समोर बेबी होती. मग त्यांनी खरं काय ते शोधलं. फार शोधावं लागलं नाही.

"तुला गाडी येते," ते म्हणाले.

बेबीचे खांदे खाली आले नाहीत. "उगाच म्हणतोस."

"काल म्हटलं ते उगाच असू शकलं असतं. आज उगाच म्हणून मला काय मिळणार? टेस्ट तर गेली."

बेबी त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी धुंडाळत असल्यासारखी. मग तिचा श्वास सुटला आणि खांदे हळूहळू खाली आले.

"सिग्नल विसरले रे मी," ती म्हणाली. "एवढं सगळं केलं आणि सिग्नल विसरले. गाढव आहे मी."

"गाढव नाहीस. विसरलीस."

लाँड्रीकडे जाताना गाडी मास्तर चालवत होते. वाटेत बेबी खिडकीबाहेर बघत होती. मास्तरांनी मनात जुळवाजुळव सुरू केली. मालकिणीला काय सांगायचं, कसं पटवायचं, मेहुण्यांचे डोळे, घरची परिस्थिती, थोडं हात जोडून, थोडं आवाज चढवून. बेबी बोलण्यातली नव्हती. कुठंही गेलं की दादा बोलायचा आणि ती मागे उभी राहायची, जन्मापासून हेच चालत आलं होतं.

लाँड्रीत वाफ कोंडली होती. मोठ्या रोलरमधून चादरी निघत होत्या, दोन बायका त्या टोकांनी धरून घडी घालत होत्या. मालकीण काउंटरमागे टॉवेलांचे गठ्ठे बांधत होती. तिनं वर बघितलं आणि दोघांचे चेहरे पाहून तिला काय ते कळलं. "नाही झालं ना," ती म्हणाली. "वाईट वाटतं हो मला. पण तो दुसरा माणूस आज संध्याकाळी येतोय."

मास्तरांनी काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि श्वास भरला. "बाई, माझं ऐकून घ्या..."

"दादा," बेबी म्हणाली. तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "मी बोलते."

मास्तरांचा भरलेला श्वास तसाच राहिला. मग त्यांनी तो सोडला आणि हात काउंटरवरून काढून घेतले.

बेबी पुढे झाली. आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "बाई, मी नापास झाले. रिव्हर्स जमला, रस्ता जमला, वळताना सिग्नल द्यायला विसरले. चूक माझीच. पण मला गाडी येते. पुढच्या टेस्टला मी पास होणार. तोवर त्या माणसाला रोजंदारीवर ठेवा, कायमचा नको. मी रोज त्याच्या शेजारी बसून सगळी हॉटेलं, सगळे गठ्ठे पाठ करून घेईन. एक पैसा मागणार नाही."

रोलर चालू होता. घडी घालणाऱ्या बायका थांबल्या होत्या. मालकिणीनं बेबीकडे बघितलं, मग मास्तरांकडे. आयुष्यात पहिल्यांदा भोंगा गप्प उभा होता, आणि रागावलेलाही दिसत नव्हता.

"खरंच येते का हो हिला?" मालकिणीनं त्यांना विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांनी बेबीकडे बोट दाखवलं.

"मी सांगितलं ना," बेबी म्हणाली. "येते."

मालकिणीनं गठ्ठ्याला गाठ मारली. "पुढच्या टेस्टपर्यंत. त्यापुढे नाही."

"चालेल," बेबी म्हणाली.